पिन काढली तरी

"डावा स्पीकर मुका झालाय, आन् वर घूं करतोय," आण्णा म्हणाले.

"एकतर मुका असंल, नाहीतर घूं करत असंल. दोन्ही कसं करंल आण्णा?"

"ते मला काय इचारताय? मेकॅनिक तुम्ही का मी?"

त्या आठवड्यातली ही माझी तिसरी फेरी होती. सोमवारी आलो, बुधवारी आलो आणि आता शुक्रवारी पुन्हा त्याच खोलीत, त्याच सतरंजीवर, त्याच सेटचं झाकण उघडून बसलो होतो. माझं डोकं तापायला लागलं होतं. तसंही माझं डोकं तापायला फार काही लागत नाही. आमची मंडळी म्हणते, तुम्हाला सोल्डरिंग गनपेक्षा लवकर धग लागते.

गोष्ट पंचवीस-सव्वीस वर्षांपूर्वीची, जयसिंगपुरातली. स्टँडच्या मागं माझं दुकान होतं आणि दुकानावर पाटी होती : 'मगदूम सर्व्हिसिंग. एकदा दुरुस्त झालेला सेट परत येत नाही.' ही पाटी मी स्वतः रंगवलेली. त्यावर एका गिऱ्हाइकानं विचारलं होतं, "परत येत न्हाई म्हंजे, आम्हाला परत मिळत न्हाई का?" सगळं दुकान हसलं. मी नाही हसलो. त्या पाटीचा मला फार अभिमान होता.

आणि हा सेट मीच जोडून दिलेला होता. अँप्लिफायर, कॅसेटचा डेक, खिडकीजवळ एक आणि दाराजवळ एक असे दोन मोठे स्पीकर, मध्ये आण्णांची वेताची खुर्ची. खुर्चीत बसलं की खिडकी डाव्या हाताला आणि दार उजव्या. खुर्चीचे पाय कुठं यायचे तिथं आण्णांनी खडूनं खुणा करून घेतल्या होत्या. इतका काटेकोर माणूस.

आण्णा म्हणजे विश्वनाथ पांचाळ. पेट्यांचे सूर लावायचे. पेटी म्हणजे हार्मोनियम. तिच्या पोटात पितळी पट्ट्या असतात, भाता हलवला की त्या थरथरतात आणि वाजतात. एखादी पट्टी सुरातून घसरली की ती आण्णांकडं यायची. ते ती कानाशी धरायचे, कानशीनं केसभर घासायचे, पुन्हा ऐकायचे. "माझ्याकडं दोनच हत्यारं," म्हणायचे, "कान आन् कानस." कराडपासून बेळगावपर्यंतच्या पेट्या त्यांच्या ओट्यावर यायच्या. आण्णांनी पेटीला बेसूर म्हटलं की ती बेसूर, तिथं अपील नव्हतं. असा माणूस उद्या गावभर सांगणार, मगदूमनं जोडलेला सेट घूं करतो. म्हणजे माझ्या पाटीला चुना लावायची वेळ.

सोमवारी मी सगळ्या वायरी तपासल्या, काही सापडलं नाही. बुधवारी रागारागानं डाव्या बाजूचे सगळे सोल्डरचे डाग नव्यानं दिले. आणि शुक्रवारी आण्णा पुन्हा तेच.

मी सनईची कॅसेट लावली. दोन्ही स्पीकर खणखणीत वाजत होते. मी खिडकीजवळच्या स्पीकरवर हात ठेवला, जाळी थरथरत होती.

"हा बघा, वाजतोय."

"मला सगळं दाराकडनं येतंय."

मी बॅलन्सचं बटण पार डावीकडं फिरवलं. आता दाराजवळचा स्पीकर पूर्ण बंद आणि फक्त खिडकीजवळचा चालू.

"आता?"

"आता बारीक झालं," आण्णा म्हणाले. "पण दाराकडनंच येतंय की."

बंद स्पीकरकडं बोट दाखवून हा माणूस आवाज तिकडून येतोय म्हणत होता. मला वाटलं, म्हातारा माझी चेष्टा करतोय. मी त्यांच्या डाव्या बाजूला बसून दोनदा विचारलं, "आण्णा, नेमकं ऐकताय न्हवं?" तर त्यांनी मान वळवायचीही तसदी घेतली नाही. मोठा माणूस, मेकॅनिकला कशाला उत्तर देईल? त्यांच्या घरच्या इंदूकाकू चहा घेऊन आल्या तेव्हा मात्र कप घ्यायला उठले. उठताना भिंतीला हात लावला, जरा थांबले आणि मग कप घेतला.

"आन् ते घूं?" मी विचारलं.

"ते तर चालूच हाय."

मी कॅसेट बंद केली. "आता?" "हाय." मी अँप्लिफायर बंद केला. "आता?" "हाय की." मग मी भिंतीतली पिनच उपटली आणि ती पिन त्यांच्या डोळ्यांपुढं धरली.

"आता?"

आण्णांनी डोळे मिटले. बराच वेळ ऐकत राहिले. मग हळूच म्हणाले, "आत्ता बी येतंय."

झालं, माझा फ्यूज उडाला.

"आण्णा, सेट ठणठणीत हाय! तपासायचंच असंल तर तुमचे कान तपासून घ्या!"

सुताराला आंधळा म्हणावं, सोनाराला चोर म्हणावं, पण पेटीवाल्या आण्णांना कान तपासा म्हणणं म्हणजे भर चौकात त्यांचं धोतर ओढण्यासारखं होतं. काकूंच्या हातातलं ताट कलंडलं. आण्णा उभे राहिले.

"भायेर व्हा."

मी हत्यारांची पिशवी उचलली आणि निघालो. खरं सांगतो, मला अजिबात वाईट वाटलं नव्हतं. उलट सडेतोड बोललो म्हणून छाती फुगली होती.

आमच्या जैनांत दिवस मावळायच्या आत जेवतात. त्रिशला, म्हणजे माझी बायको, मिरजेला एका कान-नाक-घशाच्या डॉक्टरांकडं नर्स होती. पाचच्या एसटीनं यायची आणि पदर खोचून सरळ चुलीपुढं. त्या संध्याकाळी जेवताना मी तिला सगळा तमाशा नकलेसकट सांगितला. आण्णांसारखे डोळे मिटून दाखवले, दाराकडं बोट करून दाखवलं. ती हसत होती.

"आणि कळस ऐक. मी पिन काढून हातात धरलीय, आणि म्हातारा म्हणतोय, आत्ता बी घूं येतंय!"

त्रिशलाचं हसू थांबलं.

"पिन काढल्यावर?"

"पिन माझ्या हातात होती गं."

"कुठल्या बाजूनं येतंय म्हणाले?"

"डावीकडनं. का?"

"त्यांना चक्कर येते का?"

मी येत नाही म्हणणार होतो. तेवढ्यात तो भिंतीला टेकलेला हात आठवला. त्यामागोमाग डाव्या बाजूनं विचारलेला आणि त्यांच्यापर्यंत न पोचलेला माझा प्रश्न आठवला. भाकरीचा घास तोंडातच राहिला.

"कधीपासनं चाललंय हे?" तिनं विचारलं.

"सोमवारपासनं."

तिनं बोटांवर मोजलं. "आज पाचवा दिवस. अहो, त्यांचा डावा कान गेलाय. असा एका दिवसात जातो कधी कधी. आवाज जातो आणि आतल्या आत घूं सुरू होतं. लोकांना वाटतं मळ साठलाय, तेल घालत बसतात आणि महिन्यानं येतात. मग डॉक्टर नुसती मान हलवतात. पंधरा दिवसांच्या आत औषध सुरू झालं तर परत यायची आशा असते. जितकं लवकर तितकं बरं. उद्याच घेऊन या त्यांना."

"मला हाकललंय त्यांनी."

"म्हणून?"

"अगं, मी जे शिवी म्हणून बोललो, तेच आता खरं आहे म्हणून सांगायला जाऊ? अंगावर कानस फेकतील."

"गिऱ्हाइकाच्या सेटमधला दोष सापडला की सांगता न्हवं? मग हाही सांगा." तिनं माझ्या ताटात भाजी वाढली. "आणि जरा नीट सांगा. तुमच्या पद्धतीनं नको."

शनिवारी सकाळी दुकान न उघडताच मी नवव्या गल्लीत आण्णांच्या घरी गेलो. काकूंनी दार चार बोटं उघडलं.

"ते न्हाई बोलायचे तुमच्याशी. रातभर झोपल्याले न्हाईत. जावा तुम्ही."

कान दाखवा म्हणून सांगितलं असतं तर ते चार बोटांचं दारही बंद झालं असतं. मग मी जे बोललो, ते आयुष्यात कुठल्याच गिऱ्हाइकाला बोललो नव्हतो. गल्लीत चार माणसं उभी होती, त्यांच्या देखत मोठ्यानं बोललो.

"आण्णा, माझं चुकलं! दोष सेटमधीच हाय! एकदा बघू द्या!"

शेजारचा किराणावाला ताडकन मान वर करून बघायला लागला. बारा वर्षांची माझी पाटी मी स्वतःच उतरवत होतो, तीही खोटं बोलून.

आतून लगेच आवाज आला, "येऊ दे त्यांना."

आण्णा दाराशी येऊन उभे होते. कालचा राग कुठल्या कुठं गेला होता. चेहरा असा उजळलेला, की एवढ्याशा माफीनं माणूस इतका खुलतो याचंच मला नवल वाटलं.

"सेटमधीच हाय न्हवं?" त्यांनी विचारलं. "नक्की?"

"बघूया," मी म्हणालो. त्यांच्या नजरेला नजर द्यायचं मी टाळलं. "आण्णा, आज मी एकटा न्हाई बघणार. तुम्ही बी बघायचं माझ्यासंगं."

त्यांना खुर्चीत बसवलं आणि आमच्या धंद्यातली एक साधी युक्ती समजावून सांगितली. दोन बाजूंपैकी एक बाजू बिघडली की डावं-उजवं बदलायचं. एका टप्प्यावर बदल केला आणि बिघाड दुसऱ्या बाजूला गेला तर तो त्या टप्प्याच्या मागं आहे. जागचा हलला नाही तर त्याच्या पुढं आहे. असं एकेक टप्पा बदलत गेलं की बिघाड आपोआप कोपऱ्यात सापडतो.

आण्णांना ते लगेच पटलं. "आमी बी तेच करतो. पट्टी बेसूर का ती बसती ते घर बेसूर, ते कळत न्हाई तवा पट्टी काढून दुसऱ्या घरात बशिवतो."

"हां. तसंच."

सनई लावली. आधी डेकच्या वायरी बदलल्या, डावी उजवीकडं आणि उजवी डावीकडं.

"सगळं दाराकडनंच येतंय," आण्णा म्हणाले.

"म्हंजे डेक सुटला." मग अँप्लिफायरच्या मागच्या, स्पीकरकडं जाणाऱ्या वायरी बदलल्या.

"दाराकडनंच."

"अँप्लिफायर सुटला." आता राहिले स्पीकर. ती धुडं मी आणि काकूंनी मिळून सरकवली, खिडकीचं दाराशी आणि दाराचं खिडकीशी. माझ्या कमरेत उसण भरायची तेवढी राहिली.

आण्णांनी मान कलती करून ऐकलं. कपाळाला आठी पडली. "दाराकडनंच येतंय, मगदूम."

"म्हंजे स्पीकर बी सुटले."

"मग ऱ्हायलं काय?"

"एकच," मी म्हणालो. "खुर्ची."

मी वाकून त्यांना हाताला धरून उठवलं, खुर्ची जागच्या जागी उलटी फिरवली आणि त्यांना पुन्हा बसवलं. आता त्यांची पाठ सेटकडं होती. खिडकी उजव्या हाताला आली होती आणि दार डाव्या. सनई चालूच होती. मी बाकी कशालाही हात लावला नव्हता.

"आता कुठनं येतंय?"

आण्णांनी उजवा हात उचलला आणि खिडकीकडं केला. मग तो हात तसाच हवेत राहिला.

मला एक शब्दही बोलावा लागला नाही. सगळी हयात पट्टी एका घरातून काढून दुसऱ्या घरात बसवण्यात गेलेली. त्यांना काय समजावायचं?

हात हळूहळू खाली आला. मी सनई बंद केली.

"इंदू," ते काकूंना म्हणाले, "जरा पेटी धर. काळी दोनचा षड्ज."

काकू पेटीपुढं बसल्या. आण्णा त्यांच्या शेजारी बसले, डावा कान पेटीजवळ नेला आणि उजव्या कानात बोट घट्ट खुपसलं. काकूंनी भाता मारला. खोलीभर सूर भरला.

आण्णा वाट बघत होते.

"वाजीव की," ते म्हणाले.

काकूंनी माझ्याकडं बघितलं. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. भाता हलतच होता. "वाजवत्येय वो," त्या म्हणाल्या, पण तेही त्यांना ऐकू गेलं नसावं. आण्णांचं लक्ष भात्याकडं गेलं, मग काळ्या पट्टीवर दाबलेल्या बोटाकडं गेलं. त्यांनी कानातलं बोट काढलं.

काकूंनी भाता सोडला.

"मला सोमवारीच शंका आलीवती," शेवटी ते म्हणाले. "सकाळी उठलो, तर डावीकडं कुणी कापूस कोंबल्यागत. मग म्हटलं, सेट लावून बघावं. सेटमदनं बी डावं आलं न्हाई, तवा बरंच वाटलं. म्हटलं, सेटच बिघडलाय. मग तुमास्नी बोलावणं धाडलं." ते थोडं हसले. "रोज देवाला हात जोडायचो, सेटच बिघडल्याला निघू दे. आन् तुम्ही दर खेपेला झाकण लावून म्हणायचा, आण्णा, सेट ठणठणीत हाय. तुम्ही ठणठणीत म्हणालासा की माझ्या पोटात धस्स व्हायचं. मग कालच्याला तुम्ही बोललासा... मला तुमचा राग न्हवता आला मगदूम. तुम्ही खरं बोललासा त्याचा आलावता."

आणि मघाशी मी दारात ओरडलो होतो, दोष सेटमध्येच आहे. त्यांचा चेहरा का उजळला होता ते मला आता कळलं. मला माझीच लाज वाटली. डोळे भरून आले. मी ते लपवले नाहीत.

"दोन हत्यारं हुती," आण्णा म्हणाले. "कानस ऱ्हायली."

"काय ऱ्हायलं आन् काय न्हाई ते आत्ता ठरवायचं न्हाई," मी म्हणालो, आणि त्रिशलानं सांगितलेलं सगळं त्यांना सांगितलं. पंधरा दिवसांचं, आशेचं, आणि आज सहावा दिवस असल्याचं. "उठा आण्णा. अकराची एसटी हाय. आमची मंडळी मिरजेला वाट बघत्येय."

"सेट तसाच उघडा टाकून?"

"सेटला काय झालंय? सेट ठणठणीत हाय!"

माझ्या तोंडून निघून गेलं. मी जीभ चावली. पण आण्णा हसले. काकूही डोळे पुसत हसल्या आणि आण्णांची टोपी आणायला आत गेल्या.

डॉक्टरांनी तपासलं आणि त्रिशला म्हणाली होती तेच निघालं. इंजेक्शनं आणि गोळ्या सुरू झाल्या. मी जाऊन सेट होता तसा जोडून दिला. आठ दिवस झाले, काही फरक नाही. आण्णा ओट्यावर बसायचे पण पेटीला हात लावायचे नाहीत. मी रोज दुकान बंद करून चक्कर मारायचो आणि त्यांच्या उजव्या बाजूला बसून इकडचं-तिकडचं बोलायचो. त्यांच्या डाव्या बाजूला बसायचा धीर होत नव्हता.

बाराव्या दिवशी काकू दुकानात आल्या. चालत येऊन धाप लागली होती.

"फोडणी ऐकू आली त्यास्नी," त्या म्हणाल्या. "चूल डाव्या अंगाला हाय. मोहरी तडतडली तर म्हनले, इंदू, जळंल बघ."

त्यानंतर थोडं थोडं करत परत येत गेलं. सगळं नाही आलं. डॉक्टर म्हणाले, सोळा आण्यांतलं बारा आणे आलं, हेही पुष्कळ झालं. आण्णांनी पुन्हा कानस हातात घेतली. पहिली पेटी लावायला त्यांना तीन दिवस लागले, एरवी एका दुपारचं काम. पण त्या पेटीचा मालक ती वाजवून बघताना डोळे मिटून बसला, तेवढं मला पुरे होतं.

दोनेक महिन्यांनी त्यांचा निरोप आला : सेट घूं करतोय.

सायकल तशीच दामटत गेलो. आण्णा वेताच्या खुर्चीत बसले होते, खुर्ची खडूच्या खुणांवर.

"डावा," ते म्हणाले. "बारीक हाय, पण हाय."

मी कान टवकारले. मला काही ऐकू येईना. जवळ गेलो, तरी काही नाही. शेवटी स्पीकरच्या जाळीला कान चिकटवला, श्वास रोखला, आणि मग कळलं. मुंगी गुणगुणावी एवढं घूं खरोखरच होतं. मी झाकण उघडलं. त्या बुधवारी रागारागानं दिलेल्या डागांपैकी एक डाग कोरडा बसला होता, वायर नुसती टेकून होती. चांगल्या सेटला बिघाड मीच करून ठेवला होता. दोन धड कानांनी मला तो सापडला नव्हता, आण्णांना बारा आण्यांच्या कानानं सापडला. त्याच संध्याकाळी मी दुकानावरची पाटी उतरवली.

पण डाग द्यायच्या आधी मला एक करून बघायचं होतं. मी भिंतीजवळ गेलो. पिन उपटली आणि त्यांच्यापुढं धरली.

"आता?"

आण्णांनी डोळे मिटले. आधी उजवीकडं ऐकलं. मग डावीकडं मान कलती केली आणि बराच वेळ तसेच राहिले. दारात काकू पदर तोंडाशी धरून उभ्या होत्या.

"थांबलं," आण्णा म्हणाले. "आता काही न्हाई. एकदम शांत हाय."